पेटी कोमट होईपर्यंत

गिटारचा आवाज गेला तेव्हा रोंडा दुसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात होती, आणि तो गेला हे तिला कळलं ते गॉर्डीच्या चेहऱ्यावरून. गॉर्डी तिच्या डाव्या हाताला बेस गिटार वाजवत उभा असतो, एरवी डोळे मिटून. त्या शुक्रवारी त्यानं डोळे उघडले आणि बोलता बोलता मध्येच गप्प झालेल्या माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. मग आवाज परत आला. नाचणाऱ्यांपैकी कुणाचं पाऊल चुकलं नाही. माजी सैनिकांच्या त्या क्लबात दर शुक्रवारी तळलेला मासा असतो आणि माशानंतर पोल्का नाच. पोट भरलेली माणसं पाय हलवायला उठतात, आणि ड्रम आणि अकॉर्डियन चालू असलं की गिटारवाली आहे की गेली याचं त्यांना काही पडलेलं नसतं. अकॉर्डियनवाल्याला कळलं नाही, ड्रमवाल्याला तिची पाठ तेवढी दिसते. गाणं संपल्यावर गॉर्डीनं घाम पुसला आणि हसत विचारलं, "कुठे गेली होतीस ग?"

थट्टाच होती ती, पण रोंडाला ती थट्टा वाटेना. कारण हे वाक्य गॉर्डीचं नव्हतंच, ते तिच्या वडिलांचं होतं. ते आईला विचारायचे. आई शेगडीपाशी उभी राहून राय धान्याची लापशी ढवळता ढवळता थांबायची. चमचा पातेल्यात उभा, नजर खिडकीच्या काचेवर, आणि काचेपलीकडे शेजाऱ्यांची भिंत. दहा वेळा श्वास घ्यावा एवढा वेळ ती तशी असायची, मग चमचा पुन्हा फिरायला लागायचा, जणू मधलं काही झालंच नाही. वडील वर्तमानपत्राआडून म्हणायचे, कुठे गेली होतीस, एल्मा? आणि आई म्हणायची, इथेच तर आहे. ती खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी ती इथेच होती. मुलांनी त्याला नाव पाडलं होतं, आई तळ्यावर गेली. तळ्याकाठच्या त्यांच्या ड्युलुथ गावात जो तो तळ्यावर जातो, उतारावरचा प्रत्येक रस्ता खाली तळ्यालाच मिळतो, त्यामुळे आई जरा जास्त वेळा जाते यात मुलांना विशेष काही वाटलं नाही. थट्टा चालू राहिली ती एका जानेवारीपर्यंत. त्या दिवशी आई गाडी चालवत होती, रोंडा मागच्या सीटवर पावांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि गाडी हळूहळू रस्ता सोडून कडेच्या बर्फात शिरली. आपटली नाही, नुसती शिरली आणि थांबली. इंजिन चालू होतं. आईचे हात चाकावर जिथे असायला हवेत तिथेच होते. थोड्या वेळानं आई मागे वळून म्हणाली, "आलो का आपण?"

कुणाला खरचटलंही नव्हतं. पण त्या संध्याकाळी वडिलांनी किल्ल्या खिशात घातल्या आणि त्या परत कधी टेबलावर आल्या नाहीत. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. सकाळी उठून कोट घालायची, टोपी घालायची, आणि खिडकीशी खुर्चीत बसायची, कुणी न्यायला येईल म्हणून. कधी कुणी यायचं, बहुतेक वेळा नाही. रोंडाला आईच्या आजाराची भीती कधी वाटली नव्हती, तो आजार तसा सौम्यच होता. तिला भीती होती त्या कोटाची. घरात, हिटरशेजारी, दिवसभर कोट घालून बसलेल्या बाईची. आता रोंडा साठीला आली होती, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला कुठे गेली होतीस असं विचारणारं घरात कुणी नसतं. स्वयंपाकघरात आपला चमचा थांबतो की नाही हे तिला कोण सांगणार होतं?

त्यानंतरच्या शुक्रवारीही आवाज गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी नाही गेला, आणि तिनं सुटकेचा श्वास सोडेपर्यंत पुढच्याच शुक्रवारी दोनदा गेला. नेहमी सुरुवातीच्या गाण्यांतच, नंतर रात्रभर गिटार शहाण्या मुलीसारखी वाजायची. कोणताही वाजवणारा असं झालं की केबल बदलतो, रोंडानंही बदलली. मग आवाज मोठा करणारा ॲम्प बदलून पाहिला, गॉर्डीचा जुना आणून. मग गिटार घेऊन दुरुस्तीवाल्या मर्लकडे गेली. हे सगळं तिनं रीतीप्रमाणे केलं, पण करताना तिचं मन भलतंच काहीतरी तपासत होतं. आवाज जातो तेव्हा माझा हात चालू असतो का? प्रश्न एवढाच होता, आणि इतका सोपा प्रश्न इतका निसरडा असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती आठवू पाहायची. सुरांची ओळ इथपर्यंत आठवते, मग नाही, मग पुन्हा इथून पुढे आठवते. वाजवणाऱ्याला स्वतःच्या हाताची आठवण राहते ती आवाजातून, ऐकलं म्हणजे वाजवलं. जे ऐकलं नाही ते बोटांनी केलं की नाही याची नोंद कुठेच होत नाही. तिनं घरी भिंतीशी उभं राहून, गिटार कशालाही न जोडता वाजवून पाहिलं, पण तिथे ती हाताकडे टक लावून बघत होती, आणि बघितलं की हात थांबत नाही. लपून बसलेल्या मुलाला हाक मारून शोधण्यासारखं झालं ते. कुणाला तरी फोनवर चित्रण करायला सांगता आलं असतं. गॉर्डीच्या बायकोनं आनंदानं केलं असतं, ती माशांच्या ताटांचीही चित्रणं करते. रोंडानं तिला सांगितलं नाही. पडद्यावर आपला हात तारांवर थांबलेला दिसला तर, या 'तर'च्या पुढे ती जात नव्हती.

मर्ल स्टँगलँडचं दुकान बेकरीच्या खाली, तळघरात आहे. जिना उतरताना वेलचीच्या पावाचा वास येतो आणि उतरल्यावर लाकडाच्या भुश्शाचा आणि तापलेल्या सोल्डरचा. मर्ल आणि ती एका शाळेतले. शाळेत त्यानं तिच्या केसांना डिंक लावला होता, आणि तेव्हापासून त्यांचं जमतं. त्याच्या दुकानाचा एक नियम आहे, आणि त्याचाच काय, या शहरात लाकडाचं वाद्य असलेल्या प्रत्येक घराचा तोच आहे: हिवाळ्यात बाहेरून आणलेली वाद्याची पेटी लगेच उघडायची नाही. उणे वीस अंशांच्या थंडीतून आलेल्या गिटारवर घरातली उबदार हवा एकदम पडली की वरचं रोगण तडकतं, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात, आणि ते तडे म्हणजे या गावात मालकाच्या अब्रूवरचे तडे. म्हणून पेटी दाराजवळच्या बाकावर बंदच ठेवायची, हात लावून बघत राहायचं, आणि पेटी कोमट होईपर्यंत कॉफी प्यायची. या वाट पाहण्यात लोकांची लग्नं ठरली आहेत, भांडणं मिटली आहेत. रोंडाही दर वेळी बसली, कॉफी प्याली, वेलचीचा पाव खाल्ला, मर्लच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं ऐकलं. मग पेटी उघडली जायची, मर्ल गिटार जोडायचा, हलवायचा, टकटक करायचा, केबल पिळायचा, बटणं फिरवायचा, आणि गिटार वाजत राहायची. पहिल्या खेपेला त्यानं केबल खोचायची जागा साफ केली आणि आतली पट्टी वाकवून घट्ट केली. दुसऱ्या खेपेला स्विच बदलला. तिसऱ्या खेपेला मागचं झाकण काढून आतल्या तारा चिनी जेवणाच्या काडीनं टोचून पाहिल्या, ढोसून पाहिल्या, तारा जोडणारे दोन डाख वितळवून पुन्हा लावले. गिटारनं हूं की चूं केलं नाही. तेव्हा मर्लनं चष्मा कपाळावर ढकलला आणि अगदी मायेनं म्हणाला, "रोंडा, हिच्यात काही नाही ग."

तो बरं वाटावं म्हणून बोलला होता. रोंडा जिना चढून वर आली, गाडीत बसली, आणि किल्ली फिरवायचं तिला सुचेना. हिच्यात काही नाही. म्हणजे ज्याच्यात काही आहे ते या गाडीत दुसरं कोण उरलं? काचेवर तिच्या श्वासाची वाफ गोठत होती, बेकरीतून बायका पाव घेऊन बाहेर पडत होत्या, आणि तिला वाटलं, या क्षणी मी किती वेळ बसले आहे? आत्ता बसले की मघाशी? घड्याळ पाहिलं, पण आधी पाहिलेलं नसल्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. त्यानंतर तिला हा नादच लागला, दर थोड्या वेळानं घड्याळ पाहून ठेवायचं. भांडी घासताना, जिना चढताना, शाळेची बस चालवताना. हो, रोंडा शाळेची बस चालवते, गेली वीसेक वर्षं. पिवळी बस, वरच्या वस्तीतली मुलं. उतारावर बर्फ असताना ती बस तळ्याच्या दिशेनं खाली आणायची म्हणजे काय ते आणणाऱ्यालाच ठाऊक. मुलं तिला मिस रोंडा म्हणतात आणि तिच्या टोप्यांना नावं ठेवतात. आणि मागच्या सोमवारी सकाळी, घड्याळ पाहून ठेवण्याच्या भानगडीत, की आणखी कशात, ती लार्सनांच्या कोपऱ्यावर थांबलीच नाही. जुळ्या बहिणी हात हलवत उभ्या होत्या. मागून मुलं ओरडली, मिस रोंडा, मिस रोंडा, तेव्हा ती कोपरा ओलांडून अख्खी गल्ली पुढे आली होती. मुलींनी धावत येऊन बस पकडली, हसत होत्या, त्यांना गंमत वाटली. एकीनं विचारलं, विसरलात आम्हाला? रोंडाही हसली. तिचे हात चाकावर जिथे असायला हवेत तिथेच होते.

दुपारी तिनं गॅरेजमध्ये शार्लीनला फोन केला आणि पाठ धरल्याचं सांगितलं. शार्लीन गाड्या कुणी चालवायच्या ते ठरवते, तिनं बिचारीनं मलम कुठलं लावायचं तेही सांगितलं. मग रोंडानं डॉक्टरांकडे नाव नोंदवलं. गुरुवारी डोक्याला तारा चिकटवून बघणार होते, आत काही मध्येच तुटतंय का. तोपर्यंत घरी. मंगळवारी सकाळी सवयीनं अंधारातच जाग आली, तिनं कॉफी केली, आणि खिडकीशी उभी राहिली. बाहेर दुसऱ्या कुणीतरी चालवलेली तिची बस उतारावरून गेली, कोपऱ्यावर ब्रेक जरा उशिरा लावला. रोंडा आत वळली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण अंगात कोट घातलेला आहे. कशासाठी घातला ते आठवेना. कचरा टाकायला असेल. कचऱ्याची पिशवी दाराशी होतीही. पण तिनं तो कोट असा घाईघाईनं काढला की एक गुंडी तुटून शेगडीखाली गेली, आणि ती शोधायला न वाकता तिनं गिटारची पेटी उचलली आणि मर्लकडे निघाली. पुन्हा कोट घालावा लागलाच, बाहेर उणे पंचवीस होतं. काय सांगणार होती मर्लला, तिलाही ठाऊक नव्हतं. पुन्हा बघ, एवढंच सांगायचं होतं. अशा वेळी माणूस डॉक्टर बदलतो, ती मात्र त्याच डॉक्टरकडे चौथ्यांदा निघाली होती.

"पाठीचं काय म्हणतेस?" मर्लनं विचारलं. गावात बातमी कॉफीच्या आधी पोचते. रोंडा म्हणाली, बरी आहे. पेटी बाकावर ठेवली. दोघं बसली. मर्ल गुडघ्याबद्दल बोलला, मग पेटीला हात लावून बघू लागला, कारण ती ऐकत नव्हती हे त्याला दिसत होतं. पेटी कोमट झाली, त्यानं ती उघडली, गिटार दिव्याखाली धरली, आणि या वेळी तारांकडे बघायच्या आधी त्याची नजर खालच्या कडेला थांबली. त्यानं गिटार तिरकी केली. पुन्हा तिरकी केली. खालच्या गोलाईवर, जिथे हात टेकतो त्याच्या मागे, उजेडात केसासारखे तडे दिसत होते.

"हे कधी झालं?"

"असतील जुने."

"नाहीत. मागच्या वर्षी मीच हिला चमकवली होती. तेव्हा एक ओरखडा नव्हता."

रोंडा पेटीच्या कडीशी चाळा करू लागली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढं सगळं डोक्यावर असताना या फालतू गोष्टीची लाज वाटावी याचं तिला स्वतःलाच हसू आलं, आणि तरीही ती वाटत होती, लहानपणी ओले बूट घेऊन गालिच्यावर चालल्यावर वाटायची तशी. कारण गोष्ट अशी होती की शरद ऋतू लागल्यापासून तिच्या वाट्याला शुक्रवारची खेळांची फेरी आली होती. मुलांना बास्केटबॉलसाठी दुसऱ्या शाळेत न्यायचं, आणायचं. त्यामुळे ती बस गॅरेजमध्ये लावून थेट क्लबात यायची, सातच्या ठोक्याला, गिटार दिवसभर तिच्या गाडीत गोठलेली. बाकीचे तयार असायचे. अकॉर्डियनवाला घड्याळाकडे बघायचा. पेटी कोमट व्हायची वाट पाहायला वेळ कुणाला होता? ती पाठ फिरवून, कुणाला दिसू नये म्हणून कोट टांगायच्या खोलीत पेटी उघडायची. गिटार इतकी थंड असायची की तारा बोटांना चिकटायच्या. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मर्लला तर नाहीच. मर्लपुढे थंड पेटी उघडल्याची कबुली द्यायची म्हणजे पाद्र्यापुढे जाऊन देव नाही म्हणायचं.

"थंडच उघडते मी," ती शेवटी म्हणाली. "शुक्रवारी. सगळे शुक्रवार. वेळ नसतो."

मर्ल रागवायच्या बेतात होता, पण ते राहूनच गेलं. त्यानं गिटारकडे पाहिलं, मग दाराशी असलेल्या बाकाकडे, जिथे चार खेपा ती पेटी व्यवस्थित, नियमाप्रमाणे, ऊब घेत पडली होती. "थंड," तो स्वतःशी म्हणाला. "आणि मी दर वेळी हिला शेकून घेऊन मग विचारतोय, बाई, तुला काय होतंय." त्यानं गिटार उचलली, उतारामुळे तळघरालाही गल्लीत उघडणारं मागचं दार होतं ते उघडलं आणि तिला तशीच उघडी, पेटीशिवाय, गल्लीतल्या बर्फावर उलट्या खोक्यावर ठेवून आला. चाळीस वर्षांत मर्ल स्टँगलँडनं असं केलेलं कुणी पाहिलं नसेल. परत येऊन त्यानं हात चोळले, पण कॉफी ओतली नाही. दोघं दारापाशी उभी राहिली आणि काचेतून त्या गिटारकडे बघत राहिली. कुणीतरी रागावून मुलाला घराबाहेर उभं केलं असावं तशी ती दिसत होती. रोंडाला वाटलं, वाजू नकोस. मग तिला कळलं की आपण काय मागतोय. आयुष्यभर वाद्याकडे लोक दुसरंच काहीतरी मागत आले असतील.

ॲम्प मागच्या दाराशी ओढून आणला. मर्ल म्हणाला, तूच वाजव, वाजवतेस तसं. तिनं बेंचवर बसून थंडगार गिटार मांडीवर घेतली, त्या शुक्रवारचा तो मधला तुकडा सुरू केला. आवाज आला, स्वच्छ, भरलेला. ती वाजवत राहिली. पहिली ओळ, दुसरी ओळ. काहीच होईना. नाहीच हिच्यात काही. तिसऱ्यांदा ती ओळ आली, तिनं करंगळीनं नेहमीसारखं आवाजाचं बटण जरासं मागे घेतलं, आणि आवाज गेला.

आवाज गेला, आणि ती तिथेच होती. मागच्या गल्लीत कुणीतरी बर्फ खरवडत होतं, ते ऐकू येत होतं. वर बेकरीत पावांचे ट्रे आपटत होते. मर्लचा श्वास ऐकू येत होता. आणि तारांचा नुसता, लाकडातला, दूरचा किणकिण आवाज येत होता, कारण तिचा उजवा हात वर-खाली होत होता आणि डाव्या हाताची बोटं एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जात होती, एकही पट्टी न चुकता, ओळ पुढे नेत. तिनं हाताकडे पाहिलं नव्हतं. हात तिच्याकडे न पाहता चालू होता. ती ओळीच्या शेवटापर्यंत गेली, पुढची ओळ सुरू केली, आणि त्या ओळीच्या मध्यावर ॲम्पमधून आवाज परत आला, नेमका जिथे तो असायला हवा होता तिथे. रोंडा हसायला लागली. हसता हसता तिच्या नाकातून पाणी आलं, आणि तरी वाजवणं थांबवेना, थांबवलं तर काहीतरी निसटेल असं वाटत होतं.

"गिटार बंद पडल्याचा इतका आनंद झालेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय मी," मर्ल म्हणाला.

मग तिनं त्याला सांगितलं. सगळं, आईचा चमचा, बर्फात शिरलेली गाडी, लार्सनांच्या मुली, सकाळचा कोट, गुरुवार. गेले आठ आठवडे जे स्वतःशीही धड शब्दांत म्हटलं नव्हतं ते बोलायला फार वेळ लागला नाही याचंच तिला नवल वाटलं. तिचं संपल्यावर मर्ल मागचं झाकण काढायला लागला, कारण हात रिकामे ठेवून असलं काही ऐकायची त्याला सवय नाही. आवाजाच्या बटणाच्या पाठीवर तारेचा एक डाख होता, राखाडी, मळका. त्यानं भिंग लावलं आणि दिवा जवळ ओढला.

"हा मीच लावलेला," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी. बाकीचे सगळे तपासले, हा नाही तपासला. माझा होता ना."

भिंगातून तिनंही पाहिलं. डाखाभोवती बांगडीसारखी एक रेघ होती, केसाहून बारीक. थंडीनं धातू आक्रसला की ती उघडत होती, ऊब मिळाली की मिटत होती. दोघांनी आपापली लाज आठ आठवडे झाकून ठेवली होती आणि फट त्या दोन्हींच्या मधोमध होती. मर्ल म्हणाला, गिटारचं झालं, पण गुरुवारी जायचंच. ती म्हणाली, जाणारच आहे. लार्सनांचा कोपरा गिटारनं चुकवलेला नाही, एवढं तिलाही कळत होतं. तो भीतीनं चुकला असेल, नसेलही. पण सकाळी तिला जे दोन प्रश्न एकच वाटत होते ते आता वेगळे झाले होते, आणि त्यातल्या एकाचं उत्तर तिच्या हातांना मिळालं होतं. दुसरा विचारायला जाताना पाय ओढत जावं लागणार नव्हतं. "मी नेतो तुला," मर्ल म्हणाला. "माझ्या गाडीचा हिटर चालत नाही, तेव्हा कोट घालून बस." तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला काय बोललो ते कळलं आणि तो कान खाजवायला लागला. मग ती इतक्या मोकळेपणानं हसली की त्यालाही हसणं भाग पडलं.

तिनं तिथूनच शार्लीनला फोन लावला. पाठीचं खोटं होतं, ती म्हणाली. गुरुवारी डोक्याची तपासणी आहे, ते काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी मुलांना घेऊन उतारावर येणार नाही, आणि सोमवारी लार्सनांच्या कोपऱ्यावर काय झालं तेही तू लिहून ठेव. पलीकडे शार्लीन ते टाइप करून घेत असल्याचा आवाज आला. मग शार्लीन म्हणाली, "ऐक. त्या जुळ्यांनी आज सकाळीच विचारलं, मिस रोंडा कधी येणार. नवीन माणूस म्हणे टोपीच घालत नाही." पुढे म्हणाली, "तपासून घे, बाई. जागा आहे तुझी." रोंडानं फोन ठेवला.

मर्लनं सोल्डरिंगची सळई तापत ठेवली होती. तिच्या टोकाशी धुराची बारीक रेघ उठत होती. एवढ्या वेळात गिटार पुन्हा उबेला आली होती आणि पुन्हा निर्दोष वाजत होती. दोन मिनिटांचं काम, तो म्हणाला, जुना डाख काढून टाकतो, मग उत्तर ध्रुवावर नेऊन वाजव. त्यानं सळई उचलली.

"थांब," रोंडा म्हणाली. "आधी अजून एकदा जाऊ दे."

मर्लनं तिच्याकडे पाहिलं, सळई परत ठेवली, आणि काही न विचारता गिटार बाहेर बर्फावर ठेवून आला. दोघं दारापाशी उभी राहिली. या वेळी त्यानं कॉफी ओतली, तीही तिनं प्याली. मग तिनं ती थंडगार गिटार मांडीवर घेतली, मर्लनं केबल खोचली, आणि ती मधला तुकडा वाजवायला लागली. तिसऱ्या ओळीला तिनं करंगळीनं बटण जरा मागे घेतलं. आवाज गेला. तिनं डोळे मिटले आणि वाजवत राहिली.

"कुठे आहेस?" मर्लनं विचारलं.

"चौथ्या ओळीवर," रोंडा म्हणाली.